वजन घटविताना प्रथिनांचा समतोल

लालबागेत किंवा कब्बन पार्कात भरभर चालणे, धावणे, सायकल चालविणे, दोरीवरच्या उड्या मारणे या व्यायामांना कार्डिओ व्यायाम म्हणतात. हृदय, रक्तदाब व रक्तातील साखर या सर्वांसाठी ते हितकर आहेत. मात्र वजन लवकर उतरावे म्हणून अनेक जण व्यायाम सुरू करतानाच रात्रीचे जेवण सोडतात आणि दुपारी पातळ सारू व काकडीवर भागवितात. काट्यावरील आकडा खाली येतो. परंतु घटली ती चरबी की स्नायू, हे काटा सांगत नाही.

भारतीयांसाठी हा भेद विशेष महत्त्वाचा आहे. 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधील डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच उदाहरणे मांडली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दर्शविणारा आकडा, सारखाच 22.3 होता. परंतु चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांच्या शरीरात 9.1 टक्के, तर डॉ. याज्ञिक यांच्या शरीरात 21.2 टक्के आढळले. बाह्यतः सडपातळ दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी अधिक व स्नायू कमी असू शकतात. जेवणानंतर रक्तात आलेली बरीचशी साखर स्नायूच शोषून घेतात. त्यामुळे मुळात कमी असलेले स्नायू आहारातील चुकीने आणखी झिजविणे मधुमेहाच्या दृष्टीनेही घातक आहे.

व्यायामाला लागणारी ऊर्जा शरीर प्रामुख्याने कर्बोदके व चरबीतून मिळविते. आहार फारच तोडला, तर मात्र शरीर प्रथिनेही इंधन म्हणून जाळू लागते. खाल्लेल्या डाळीतील प्रथिने स्नायूंच्या दुरुस्तीस पुरेशी उरत नाहीत. म्हणून भात-भाकरी पूर्णपणे बंद करणे योग्य नव्हे. आठवड्याला साधारण अर्धा किलो वजन उतरणे पुरेसे आहे.

निरोगी प्रौढ व्यक्तीस दररोज वजनाच्या प्रत्येक किलोमागे 0.83 ग्रॅम प्रथिने पुरतात. वजन घटविण्याच्या काळात मात्र हे प्रमाण 1 ते 1.2 ग्रॅम ठेवणे इष्ट. हिशेब सध्याच्या वाढलेल्या वजनावर न करता उंचीला साजेशा वजनावर करावा. उंची 155 सेंटिमीटर व वजन 68 किलो असलेल्या गृहिणीचे योग्य वजन सुमारे 55 किलो. म्हणजे तिला दिवसाला 55 ते 66 ग्रॅम प्रथिने हवीत.

हे प्रमाण घरच्या स्वयंपाकातून साधते. 30 ग्रॅम तूरडाळीतून 6 ते 7 ग्रॅम, 40 ग्रॅम कुळथातून 8 ते 9, 400 मिलिलिटर दूध-दह्यातून 12 ते 13, मूठभर (25 ग्रॅम) शेंगदाण्यांतून 6 आणि दिवसभरातील 200 ग्रॅम धान्यातून सुमारे 17 ग्रॅम प्रथिने मिळतात. ही बेरीज पन्नाशीच्या आसपास जाते. उरलेली तूट एक-दोन अंडी, मासे, पनीर किंवा सोयाबीनने भरून निघते. डाळीची वजने कच्च्या, कोरड्या डाळीची आहेत, हे ध्यानात ठेवावे. आपल्याकडील कुळथाचे कट असो वा येथील बस्सारू, प्रथिनांचा मोठा वाटा पाण्यात नव्हे, तर शिजलेल्या दाण्यात राहतो. कट प्यावेच, पण दाणेही पानात वाढून घ्यावेत. नाचणीच्या मुद्द्यात कॅल्शियम भरपूर, प्रथिने मात्र बेताचीच. तिच्यासोबत अवरेकाळूची उसळ किंवा डाळ असल्यास धान्य व कडधान्य यांची प्रथिने परस्परांना पूरक ठरतात. सर्व प्रथिने रात्रीच्या जेवणावर न सोपविता तिन्ही वेळांत विभागावीत. घरातील स्त्रिया शेवटी जेवावयास बसतात आणि तोवर डाळ तळाशी गेलेली असते. त्यांचा वाटा आधीच बाजूला काढून ठेवणे हाच यावरील उपाय.

प्रौढांनी आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम स्वरूपाचा कार्डिओ व्यायाम करावा. त्याबरोबरच किमान दोन दिवस बैठका, भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणे असे स्नायूंना ताण देणारे व्यायामही आवश्यक आहेत. नुसती प्रथिने खाल्ल्याने स्नायू टिकत नाहीत.

प्रथिनांच्या भुकट्यांची बहुतेकांना गरज नसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी त्या टाळण्याचा सल्ला दिला आहे. अनेक भुकट्यांत साखर, कृत्रिम गोडी व स्वाद मिसळलेले असतात. तोच पैसा डाळी, दूध व अंड्यांवर खर्चिलेला बरा.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिने वाढविण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे अनिवार्य आहे. गरोदर व स्तनदा मातांनी वजन घटविण्यासाठी आहार तोडू नये. इन्सुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी दीर्घ व्यायाम टाळावा. चालताना घाम, थरथर किंवा भोवळ जाणवल्यास थांबून लगेच साखर अथवा गूळ घ्यावा. छातीत दुखल्यास व्यायाम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे. वयाची तिशी ओलांडलेल्यांनी व्यायाम आरंभण्यापूर्वी जवळच्या नम्म क्लिनिकमध्ये किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब व साखर तपासून घ्यावी.