बुधवारची गर्दी, गुरुवारचं काय?

मंगळवारी सिद्धिविनायक, बुधवारी माहीमचं चर्च, गुरुवारी मखदूमबाबांचा दर्गा. मुंबईकराचं देवांबरोबरचं वीकली शेड्यूल असं पक्कं असतं. आपल्या ऑफिसातल्या मीटिंगाही इतक्या नेमाने होत नाहीत!

यातला बुधवार जरा खास. त्या दिवशी लेडी जमशेटजी रोडवर, म्हणजे आपल्या एल. जे. रोडवर, सेंट मायकल्स चर्चबाहेर मेणबत्त्या, फुलं आणि मेणाच्या वस्तू विकायला बसलेल्या दिसतात. घर हवंय? मेणाचं घर घ्या. मूल हवंय? मेणाचं बाळ. पाय दुखतोय? मेणाचा पाय. रांगेत कुणाच्या कपाळावर टिकली, कुणाच्या डोक्यावर ओढणी, कुणाच्या गळ्यात क्रॉस आणि बऱ्याच जणांच्या गळ्यात ऑफिसचं आयकार्ड.

फोटो काढायला सीन एकदम झकास. खाली 'सर्वधर्मसमभाव' लिहिलं की झालं. पण ही सगळी माणसं एकमेकांशी बोलतात का? खरं सांगायचं तर फारशी नाही. प्रत्येक जण आपापला नवस घेऊन येतो, मेणबत्ती लावतो आणि लोकल पकडतो. शेजारी उभं राहिलं म्हणून कुणी शेजारी होत नाही.

बेलफास्ट टू माहीम

नोव्हेना म्हणजे नऊ वेळा करायची प्रार्थना. माहीममध्ये ती सलग नऊ बुधवार करतात. इथला पहिला बुधवार होता ८ सप्टेंबर १९४८ चा. तेव्हाचे इथले व्हिकर फादर एडवर्ड प्लॅसिडस फर्नांडिस उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला गेले होते. तिथली नोव्हेनाची गर्दी त्यांनी पाहिली आणि ती कल्पना माहीमला आणली. आवर लेडी ऑफ परपेच्युअल सकर, म्हणजे सदैव मदतीला धावून येणारी माता, ही या बुधवारची देवता. 'देवता' हा शब्द चर्चचा नाही, रांगेतल्या आपल्यासारख्यांचा. चर्चच्या लेखी ती येशूची आई.

हा फरक चर्च लपवत नाही. नोव्हेनाला कुणीही बसावं, धर्म कुणी विचारत नाही. प्रार्थना इंग्रजीत होतात, तशा कोकणी, मराठी, हिंदीतही होतात. पण मिस्सामध्ये कम्युनियनची पांढरी चकती मिळते ती फक्त कॅथलिकांना. तो आपल्या अर्थाने प्रसाद नव्हे. पाहुणचार मोकळा, पण श्रद्धेची भेसळ नाही. मैत्रीसाठी ही गोष्ट चांगलीच म्हणायची. समोरचा कोण आहे हे स्पष्ट असलं की मग दोस्तीही खरी होते.

गंमत म्हणजे रोमने या विषयावर कागद नंतर काढला. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईत आले, तेव्हा ते इतर धर्मांच्या प्रतिनिधींना आवर्जून भेटले आणि भाषणात त्यांनी उपनिषदातली प्रार्थना म्हटली. मग २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा आला. इतर धर्मांमध्ये जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं गेलं. माहीमच्या बुधवारला तेव्हा १७ वर्षं झाली होती.

नुसती गर्दी पुरत नाही

चर्च, दर्गा आणि शीतलादेवीचं देऊळ, तिन्ही माहीममध्येच. डिसेंबरात दर्ग्याचा उरूस भरतो तेव्हा पहिला मान मुंबई पोलिसांचा असतो. एवढं सगळं असूनही १९९२-९३ च्या दंगलींची झळ माहीमला बसलीच. १२ मार्च १९९३ ला बॉम्बहल्ल्यांच्या यादीत माहीम कॉजवेची मच्छीमार वस्तीही होती. बुधवार-गुरुवारच्या रांगा त्याआधीही लागत होत्याच. त्यांनी काही थांबलं नाही.

त्यानंतर शहर काय शिकलं? माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि तेव्हाचे आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या. वस्तीतल्या माणसांना एकत्र बसवायचं, भांडण पेटायच्या आत बोलायचं, पोरांच्या क्रिकेट मॅचेस लावायच्या. वाचायला साधं वाटतं, पण अफवा पसरते त्या रात्री फोन कुणाला करायचा हे आधी ठाऊक असावं लागतं. नंबर ओळखीचा नसेल तर सद्भावनेचं काय करणार?

याच बाबतीत बेलफास्टकडून दुसरा धडा घेता येईल. तिथे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांमध्ये उंच भिंती होत्या, आजही काही आहेत. १९८१ मध्ये तिथल्या क्लोनार्ड मठातले कॅथलिक आणि फिट्झरॉय चर्चचे प्रॉटेस्टंट एकत्र बसून बायबल वाचू लागले. क्लोनार्डचे फादर गेरी रेनॉल्ड्स प्रॉटेस्टंट पाद्र्यांबरोबर दोन्ही बाजूंच्या घरांत सांत्वनाला जायचे. १९९४ पासून क्लोनार्डची काही मंडळी रविवारी आपली मिस्सा झाल्यावर प्रॉटेस्टंट चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसू लागली. 'तुम्ही या' म्हणण्याऐवजी ती स्वतः गेली. या क्लोनार्ड-फिट्झरॉय मैत्रीला १९९९ मध्ये पॅक्स क्रिस्टी शांतता पुरस्कार मिळाला.

बोलावणं सोपं असतं. आपलं घर, आपले नियम, आपलाच चहा. दुसऱ्याकडे जाताना मात्र चप्पल कुठे काढायची इथपासून विचारावं लागतं. ते अवघडलेपण ज्याने सोसलं, त्याच्याशी मैत्री होते.

एक रस्ता, एक बाई

माहीमकरांना हे शिकायला बेलफास्टलाही जायला नको. रस्त्याच्या नावाची पाटी वाचली तरी पुरे. लेडी जमशेटजी म्हणजे अवाबाई जमशेटजी जीजीभाय, धर्माने पारशी. माहीम आणि वांद्र्याच्या मधली खाडी लोक होडीने ओलांडायचे, होड्या उलटायच्या, माणसं बुडायची. कंपनी सरकार पूल बांधायला पैसे देईना. अवाबाईंनी दीड लाखाहून जास्त रुपये दिले, अट एकच, कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. १८४५ मध्ये माहीम कॉजवे खुला झाला. माउंट मेरीला जाणारा, दर्ग्याला येणारा, बाजाराला निघालेला, सगळे त्याच रस्त्याने फुकटात जाऊ लागले.

आपल्याला पूल बांधायचा नाहीये. ऑफिसातल्या मित्राने आणलेला शीरखुर्मा आपण डब्यातून खातो, मैत्रिणीच्या घरचा ख्रिसमस केक डेस्कवर उभ्या उभ्या संपवतो. पण त्यांच्या घरी किती वेळा गेलो? त्यांच्या आजारी आईला भेटायला, बारशाला, मयताला? यंदा सणाला 'हॅपी' मेसेज फॉरवर्ड करण्याऐवजी पत्ता विचारा. चर्चने बुधवारचं दार कधीच उघडलंय. गुरुवारी कुणाकडे जायचं, हे आपण ठरवायचं.

जायचंय?

वेस्टर्न लाइनवर माहीम स्टेशन किंवा मेट्रो तीनचं शीतलादेवी स्टेशन. बुधवारी दिवसभर नोव्हेना असतात, ऑफिस सुटल्यावरची वेळ सर्वात गर्दीची. मोबाइल सायलेंटवर ठेवा. कम्युनियनच्या वेळी जागेवर शांत बसलात तर कुणालाही वावगं वाटत नाही. आणि बाहेर पडताना बाकावर शेजारी बसलेल्याला नाव विचारा. नवस नंतर फेडा.