काळ्या पाण्याचे पाहुणे

गेल्या माघ महिन्यात आमच्या घरची सात माणसे अंदमानास जाऊन आली. सत्तरी ओलांडलेल्या वहिनी, धाकटे बंधू व त्यांचे कुटुंब, आम्ही उभयता, पुतण्या आणि त्याचा नऊ वर्षांचा चिरंजीव, असा तो परिवार होता. परत आल्यापासून कोल्हापुरातील स्नेहीमंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला : काय काय पाहिले? दुसरा प्रश्न खर्चाचा. तेथे कसे वागावे, काय सांभाळावे, हे मात्र अद्याप कोणी विचारलेले नाही. न विचारताच सांगण्याची खोड शिक्षकाच्या पेशात जडते आणि ती सेवानिवृत्तीने जात नाही, हे वाचकांनी समजून घ्यावे.

समुद्रयान हे आपल्या शास्त्रकारांनी कलिवर्ज्यांत घातले होते. सागर ओलांडून आलेल्यास प्रायश्चित्त घ्यावे लागे आणि त्यावरून गावोगाव तट पडत. तो निषेध आता इतिहासजमा झाला, हे उत्तमच झाले. परंतु त्याच्याबरोबर परमुलखात पाऊल टाकताना मनात जी थोडी धास्ती व जो थोडा विवेक असे, तोही गेला, असे आम्हांस वाटते. आपल्या करवीरचे दुसरे राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले. परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरी ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाची एकवीस वर्षेही पुरी होण्यापूर्वी, त्यांनी देह ठेवला. दहनाची चाल नसलेल्या त्या ख्रिस्ती शहराने परक्या देशाच्या या पाहुण्याचा अंत्यविधी त्याच्या धर्माप्रमाणे आर्नो आणि मुग्नोने या नद्यांच्या संगमावर होऊ दिला. महाराजांचे स्मारक तेथे आजही उभे आहे. प्रवासात प्रकृती किती बेभरवशाची असते आणि यजमानाने पाहुण्याचा मान कसा राखावा, या दोन्ही गोष्टी त्या एका प्रसंगात आहेत. पाहुण्याने यजमानाचा मान कसा राखावा, ही तिसरी गोष्ट आम्ही अंदमानात शिकलो, आणि तीही चूक करून.

प्रथम प्रकृतीविषयी. तेथील घड्याळ आपलेच, पण सूर्य आपला नव्हे. ही बेटे देशाच्या पूर्व टोकाला असल्यामुळे हिवाळ्यात सायंकाळी पाच-सव्वापाचाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि पहाटे लवकर उजाडते. कोल्हापूरच्या सवयीने नऊला न्याहारी करून बाहेर पडणारा मनुष्य ऐन उन्हात समुद्रावर पोहोचतो. आम्ही पहिले दोन दिवस तेच केले. तिसऱ्या दिवशी एकादशी होती. वहिनींनी उपवास धरला, रक्तदाबाची गोळी मात्र नेमाने घेतली, आणि स्वराजद्वीपच्या धक्क्यावर बोटीची वाट पाहता पाहता त्या भोवळ येऊन खाली बसल्या. आमची सर्वांची त्रेधा उडाली. शेजारी शहाळी विकणारी एक बंगाली बाई होती. तिने वहिनींना आपल्या छत्रीखाली घेतले, पदराने वारा घातला आणि एक शहाळे फोडून हाती दिले. वहिनींनी डोळे उघडून पहिली चौकशी केली ती ही की, हे उपवासाला चालते ना! पैसे देऊ लागलो तर ती बाई घेईना. वयोवृद्धांनी प्रवासात कडक उपवास करू नये, आणि करावयाचाच असल्यास औषधाचे काय करावे हे आपल्या डॉक्टरांस निघण्यापूर्वीच विचारावे. औषधे हातातल्या पिशवीत असावीत, मोठ्या सामानात कदापि नसावीत.

बोटीचा त्रास गगनबावड्याच्या घाटासारखाच समजावा. एका बेटावरून दुसऱ्यावर जावयास दीड ते अडीच तास लागतात. त्रास होणाऱ्याने डॉक्टरी सल्ल्याने गोळी निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर नव्हे. बोटीच्या मध्यभागी बसावे, दृष्टी दूर क्षितिजावर ठेवावी, पुस्तक किंवा भ्रमणध्वनी उघडू नये. आले व आवळासुपारी जवळ असू द्यावी. पोट तुडुंब भरू नये, पण अगदी रितेही ठेवू नये.

धाकट्या बंधूंची कथा निराळी. त्यांना मधुमेह आहे. शहीदद्वीपात ओहोटीच्या वेळी खडकांचा एक नैसर्गिक पूल पाहावयास मिळतो. तेथवर जाणारी वाट ओल्या, शेवाळलेल्या खडकांतून व मेलेल्या प्रवाळांतून जाते. चपला भिजतील म्हणून त्यांनी त्या हातात घेतल्या! पायाला खरचटले ते नखाएवढे. त्यावर त्यांनी हळद दाबली आणि कोणास सांगितले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल लाल होऊन सुजले होते. सरकारी दवाखान्यात जखम स्वच्छ धुऊन आतले बारीक कण काढले, धनुर्वाताची सुई टोचली, औषध दिले, आणि मधुमेह्याने प्रवाळाचे ओरखडे अंगावर काढू नयेत, अशी समजही दिली. जुनी, पायाला घट्ट बसणारी पादत्राणे पाण्यात जाण्यासाठी निराळी न्यावीत. प्रवाळ हा दगड नसून जिवंत प्राण्यांची वसाहत आहे. त्यावर पाय पडल्यास पायाला इजा होते, तशी त्यालाही होते.

पंचगंगेत पोहणे शिकलेल्यांना समुद्राचे भय वाटत नाही, आणि तेच घातक. नदी एका दिशेने वाहते. समुद्राचा मागे ओढणारा प्रवाह वरून शांत दिसतो. त्यात सापडल्यास सरळ किनाऱ्याकडे झुंजू नये, किनाऱ्यास समांतर पोहत बाजूला निघावे आणि मग आत वळावे. खाऱ्या पाण्यातल्या मगरींच्या पाट्या जेथे लावल्या आहेत तेथे गुडघाभर पाण्यातही उतरू नये. २०१० साली हॅवलॉक येथे, म्हणजे आताच्या स्वराजद्वीपात, एक परदेशी पाहुणी बाई मगरीच्या हल्ल्यात गेली, तेव्हा पाट्या शोभेसाठी लावलेल्या नाहीत. जमीन जोराने हादरली, किंवा पाणी एकाएकी दूरवर ओसरले, तर शंख वेचावयास न थांबता उंचावर पळावे. २६ डिसेंबर २००४ ची आठवण तेथील प्रत्येक घरात आहे. शंखावरून आठवले : किनाऱ्यावरचे शंख-शिंपले व प्रवाळ उचलून आणणे योग्य नव्हे, आणि प्रवाळास तर वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. वहिनींना देवघरासाठी शंख हवा होता, तो दुकानातून पावतीसह घेतला.

डासांविषयी थोडेच. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हिवतापाचा रात्री, म्हणून अंगभर सुती कपडे व अंगाला लावावयाचे औषध दोन्ही वेळा हवे. परत आल्यावर महिना-दोन महिन्यांत ताप आला तर डॉक्टरांस आपण कोठे जाऊन आलो हे आपण होऊन सांगावे. तापात अॅस्पिरीनच्या जातीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.

आता वागणुकीविषयी. मराठी मनुष्य अंदमानास जातो तो मुख्यत्वे सेल्युलर तुरुंग पाहण्यास. तो १८९६ ते १९०६ या काळात बांधला गेला. त्याच्या सात भुजांपैकी आता तीन उरल्या आहेत. स्वातंत्र्यवीर सावरकर ४ जुलै १९११ रोजी तेथे पोहोचले. त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव तेथे आधीच होते, आणि एकाच तुरुंगातील त्या दोघा भावांना एकमेकांचे दर्शनही दुर्लभ होते. त्या कोठडीपुढे आम्ही उभे राहिलो तेव्हा घशाशी आवंढा आला, हे लपविण्याचे कारण नाही. परंतु शेजारी फटक्यांच्या तिकाटण्यावर हात पसरून हसतमुखाने छायाचित्रे काढवून घेणारी मंडळीही होती, आणि त्यांची भाषा मराठीच होती. भिंतीवरील नामावळीत बंगाली व पंजाबी नावे किती आहेत, हेही आपल्या लोकांनी थोडे थांबून वाचावे. आपल्याच एका नावाचा जयजयकार करून खाली उतरणे आम्हांस प्रशस्त वाटले नाही.

त्याच दिवशी आमच्या चमूतील एका गृहस्थांनी मोटार हाकणाऱ्या तरुणास विचारले, "तुमचे आजोबा कोणत्या गुन्ह्यात आले होते?" त्याने रस्त्यावरची नजर न काढता उत्तर दिले, "साहेब, माझे आजोबा फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आले. त्यांच्या हातून काही गुन्हा झाला नव्हता, गुन्हा त्यांच्यावर झाला होता." त्यानंतर गाडीत कोणी बोलले नाही. या बेटांवर जुन्या बंदिवानांचे वंशज आहेत, निर्वासित बंगाली आहेत, तमिळ, तेलुगू आहेत, रांचीकडून मजुरीस आणलेल्यांची नातवंडे आहेत. पहिले बंदिवान मार्च १८५८ मध्ये उतरले, त्याला पाच-सहा पिढ्या होऊन गेल्या. पोर्ट ब्लेअरचे नाव २०२४ साली श्री विजयपुरम् झाले, तेव्हा कोणी कोणत्या नावाने बोलावे यावरूनही पाहुण्याने वाद घालू नये. यजमान जे नाव घेईल ते घ्यावे.

परंतु हे सगळे नंतर आलेले लोक. मूळचे धनी निराळे आहेत, आणि आमची चूक त्यांच्यासंबंधी आहे.

बाराटांग येथे चुनखडीच्या गुहा आहेत. तिकडचा रस्ता जारवा लोकांच्या राखीव अरण्यातून जातो. ते लोक संख्येने काही शे आहेत. १९९७-९८ पर्यंत ते बाहेरच्यांपासून कटाक्षाने दूर राहत. त्या क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली दिला होता, तरी गाड्या जातच राहिल्या. आता त्या ठरावीक वेळी पोलिसांच्या पहाऱ्यात रांगेने सोडतात. वाटेत थांबणे, खाऊ देणे, छायाचित्र घेणे हे गुन्हे आहेत आणि छायाचित्राबद्दल कैद होऊ शकते. हे सर्व आम्हांस निघण्यापूर्वी वाचून ठाऊक होते. सौभाग्यवती म्हणाल्याही, "मग जायचेच कशाला? कोणाच्या अंगणातून मिरवत जायचे?" आम्ही उत्तर दिले की, पैसे भरलेले आहेत. आदल्या रात्रीपासून पुतण्याच्या मुलाला सर्दी-खोकला होता, अंगात कणकणही होती. त्यालाही गोळी देऊन बरोबर घेतले, कारण पुन्हा तेच : पैसे भरलेले होते.

वाटेत एका वळणावर रस्त्याच्या कडेला दोघे जण दिसले, एक स्त्री व एक मूल. सगळी गाडी एका बाजूला झुकली. भावजयीचा हात नकळत भडंगाच्या पुडीकडे गेला. ती दया होती, हे आम्ही जाणतो. पुतण्याने भ्रमणध्वनी वर केला, त्याला चालकाने दरडावले. आणि आम्ही? आम्ही चष्मा सावरून खिडकीकडे वाकलो. आयुष्यभर वर्गात मुलांना परक्याकडे टक लावून पाहू नये असे शिकविले, तेच आम्ही वाकलो! त्या स्त्रीने मुलाला आपल्या पाठीशी घेतले. गाडी निघून गेली. गुहा पाहिल्या, चांगल्या होत्या. पण गुहेत काय पाहिले ते आज सांगता येत नाही.

घरी आल्यावर आम्ही जे वाचले ते आधी वाचावयास हवे होते. इंग्रजांची वसाहत झाली तेव्हा ग्रेट अंदमानी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जमाती हजारोंच्या संख्येने होत्या. १८७७ साली गोवराची साथ त्यांच्यांत शिरली. इतर रोगही बाहेरच्यांनीच नेले. १९०१ च्या खानेसुमारीत ६२५ माणसे उरली, १९६१ त १९. आपल्या घरात पोरासोरांना होऊन जाणारा गोवर त्यांना अंगी प्रतिकार नसल्यामुळे कुळेच्या कुळे घेऊन गेला. जारवांमध्येही १९९९ साली गोवर पसरलाच. बोआ सीनियर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वृद्धेचे जानेवारी २०१० मध्ये निधन झाले, आणि बो ही भाषा बोलणारे मनुष्य पृथ्वीवर उरले नाही. आम्ही चाळीस वर्षे संस्कृत शिकविली. ती मृत भाषा म्हणणाऱ्यांशी आम्ही नेहमी भांडत आलो. भाषा खरोखर कशी मरते, हे मात्र ते वाचताना कळले.

प्रवासाची पुस्तके पाहुण्याला सावध करतात ती त्याच्या स्वतःच्या जिवासाठी : हे खाऊ नका, तेथे पोहू नका. अंदमानात धोक्याची दिशा उलटीही आहे. उत्तर सेंटिनेल बेटावर २०१८ साली एक अमेरिकन धर्मप्रचारक मारला गेला, तेव्हा आपल्याकडे त्या लोकांस रानटी म्हणणाऱ्यांचा सुकाळ झाला. त्या बेटापासून पाच सागरी मैल दूर राहण्याचा जो नियम आहे, तो आपल्यापासून त्यांना वाचविण्यासाठीही आहे, हे थोड्यांच्याच लक्षात आले.

तेव्हा अंदमानास अवश्य जावे, तुरुंग पाहावा, समुद्र पाहावा. बाराटांगचा बेत मात्र आमच्या मते टाकून द्यावा, आणि तो जर सहलीच्या पत्रकात छापलेला असेल तर पैसे भरण्यापूर्वी वगळावयास सांगावे. घरात कोणास ताप-खोकला असेल तर त्याने त्या दिवशी निवासातच राहावे, मग पैसे बुडाले तरी बुडोत. आमच्या नातवाची सर्दी दोन दिवसांत गेली. त्या वळणावर त्याला मळमळत होते, म्हणून त्याच्या बाजूची खिडकी आम्हीच उघडून दिली होती, आणि तो बाहेर तोंड करून खोकत होता.