चाराच्या खोलीतला सातवा माणूस

धुळे-सोलापूर महामार्गाने बीडकडून येरमाळ्याला जाताना तेरखेडा लागतं. वाशी तालुक्यातलं हे गाव शोभेच्या दारूसाठी मराठवाडाभर ठाऊक. स्फोटांच्या बातम्याही इथून अधूनमधून येतात. माल तयार होतो शिवारात, एकमेकींपासून लांब बांधलेल्या खोल्यांत. एक पेटली तर शेजारची वाचावी, एवढाच त्या अंतराचा हेतू.

मसाला मिसळायच्या खोलीपाशी उभं राहिलं की आधी नजर जाते ती पायांकडे. चपला बाहेर. दाराशी जमिनीत गाडलेल्या तारेला जोडलेली तांब्याची पट्टी. तिला हात लावायचा आणि मगच आत. अंगावर सुती कपडे, नायलॉनची साडी चालत नाही, कारण कोरड्या हवेत अंगावर साचलेल्या विजेची बारीकशी ठिणगीही पुरते. सोरा, गंधक, कोळसा हाताळायला लाकडी नाहीतर पितळी सामान, लोखंडाला मज्जाव. आणि एका खोलीत चारच माणसं. मला हा सगळ्यात शहाणा नियम वाटतो. स्फोट त्याने टळत नाही, पण किती घरं उघडी पडणार ते त्यावर ठरतं.

पाण्याचं गणित जरा विचित्र आहे. सांडलेली साधी दारू ओल्या फडक्याने टिपायची. ॲल्युमिनियमची पूड घातलेला मसाला मात्र ओलसर राहिला तर आतल्या आत तापतो आणि रात्री, कुणी नसताना, पेट घेऊ शकतो. म्हणून उरलेला मसाला उद्यावर ठेवायचा नाही. क्लोरेट आणि गंधक एकत्र करायला तर १९९२ पासून देशभर बंदीच आहे. ते मिश्रण नुसत्या घासण्यानेही भडकतं.

जुन्या कामगारांना हे तोंडपाठ असतं. घडी विस्कटते ती दिवाळी तोंडावर आल्यावर. मजुरी नगावर असली की हात वेगाने चालतात, चाराच्या खोलीत सातवा माणूस बसतो, तयार माल दारातच रचला जातो आणि पळायची वाट बुजते. नंतर पंचनाम्यात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ लिहायला फारसे कष्ट पडत नाहीत.

लहान परवाना जिल्हाधिकारी देतात, मोठा नागपुरात मुख्यालय असलेली केंद्राची स्फोटक-सुरक्षा संस्था ‘पेसो’. दोघांनाही विनंती एकच: तपासणीला दिवाळीच्या आदल्या महिन्यात जा, कागद मागण्याआधी खोलीतली डोकी मोजा, आणि दार बाहेरच्या बाजूला उघडतं का, ते स्वतः ढकलून पाहा.