गोल्फची ओळख, लेखांक ७ : आवडत्या खेळाडूची चौथी फेरी

क्रिकेटमध्ये आवडता फलंदाज बाद झाला, तर त्याच्या चाहत्याला निदान गोलंदाजाला, पंचाला किंवा खेळपट्टीला बोल लावता येतो, आणि कबड्डीत चढाई फसली, तर ती फसवणारे खेळाडू समोरच उभे असतात. गोल्फच्या चाहत्याला ही सोय उपलब्ध नाही. या खेळात प्रतिस्पर्धी एकमेकांच्या चेंडूला स्पर्श करीत नाहीत, वाट अडवीत नाहीत आणि फटका परतवीतही नाहीत; प्रत्येक जण त्याच मैदानावर आपापला चेंडू खेळतो आणि अखेरीस ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो जिंकतो. त्यामुळे चाहत्याला भीती वाटते ती प्रतिस्पर्ध्याची नव्हे, तर ज्याच्यावर त्याचे प्रेम आहे त्या खेळाडूचीच, आणि ही भीती चार ‘मेजर’ स्पर्धांमध्ये सर्वाधिक तीव्र होते.

मास्टर्स, पीजीए चॅम्पियनशिप, यूएस ओपन आणि ब्रिटनमधील ‘द ओपन’ या त्या चार स्पर्धा होत. प्रत्येकीत रोज अठरा होलची एक फेरी, याप्रमाणे चार दिवसांत ७२ होल खेळले जातात. प्रत्येक होलसाठी अपेक्षित फटक्यांची संख्या ठरलेली असते आणि तिला ‘पार’ म्हणतात. पारपेक्षा एक फटका कमी लागला तर ‘बर्डी’, एक जास्त लागला तर ‘बोगी’ आणि दोन जास्त लागले तर ‘डबल बोगी’ होते. इतर तीन स्पर्धांची ठिकाणे बदलत असतात. मास्टर्स मात्र १९३४पासून अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातल्या ऑगस्टा नॅशनल या एकाच मैदानावर भरत आली आहे, आणि चाहत्याच्या दृष्टीने ही बाब वरवर वाटते त्यापेक्षा फार महत्त्वाची आहे. मैदान तेच राहिल्यामुळे जुनी दुःखेही आपापल्या जागी टिकून राहतात: अमुक झाडापाशी, तमुक ओढ्याकाठी काय घडले होते, हे चाहता विसरत नाही आणि खेळाडू तर मुळीच विसरत नाही.

उत्तर आयर्लंडच्या रोरी मॅकलरॉय याचे उदाहरण या संदर्भात सर्वांत बोलके आहे. २०११मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो ऑगस्टातील अखेरच्या फेरीला चार फटक्यांची आघाडी घेऊन उतरला. परंतु दहाव्या होलवर त्याचा पहिला फटका डावीकडे भरकटून झाडावर आदळला, चेंडू निवासाच्या छोट्या इमारतींच्या मधोमध जाऊन थांबला आणि चार पारच्या त्या होलवर त्याला सात फटके लागले. त्यापुढचे दोन होलही बिघडले आणि त्या दिवशी त्याचे एकूण ८० फटके झाले. दोनच महिन्यांनी त्याने यूएस ओपन आठ फटक्यांच्या फरकाने जिंकली, पुढे पीजीए दोनदा आणि २०१४मध्ये ‘द ओपन’ही जिंकली, मास्टर्स मात्र हुलकावणी देत राहिली. चारही मेजर आपल्या कारकिर्दीत जिंकणारे तोवर पाचच जण होते: सॅराझेन, होगन, प्लेअर, निकलॉस आणि वुड्स.

१३ एप्रिल २०२५ रोजी मॅकलरॉय पुन्हा आघाडीवर राहून अखेरच्या फेरीला उतरला, या वेळी दोन फटक्यांनी, आणि पहिल्याच होलवरील डबल बोगीने ती आघाडी संपवली. भारतात तेव्हा नुकतीच मध्यरात्र उलटली होती, त्यामुळे येथील चाहत्यांची रात्र फार लवकर बिघडली असणार. तिथून त्याने खेळ सावरला, आणि चौदा वर्षांपूर्वी ज्या दहाव्या होलने त्याला बुडवले होते, तिथेच त्याने बर्डी केली. गणिती नजरेने पाहता ती इतर कोणत्याही बर्डीएवढीच होती. चाहत्याच्या नजरेने मात्र सगळा हिशेब तिथे चुकता झाला होता आणि नेमकी हीच त्याची चूक होती. तेराव्या होलवर मॅकलरॉयने ग्रीनसमोरच्या, म्हणजे खड्ड्याभोवतीच्या आखूड गवताच्या भागासमोरच्या, ओढ्याचा धोका टाळण्यासाठी दुसरा फटका मुद्दाम आखूड मारला, म्हणजे शहाणपणाचा मार्ग निवडला, आणि उरलेल्या थोड्याशा अंतरावरून, हातखंडा समजल्या जाणाऱ्या ‘वेज’ या उंच आणि आखूड फटक्यासाठीच्या काठीने, तिसरा फटका त्याच ओढ्यात घातला. चौदाव्यावर आणखी एक बोगी झाली. इकडे पुढच्या एका गटात खेळणारा इंग्लंडचा जस्टिन रोज ६६ फटक्यांची फेरी पूर्ण करण्याच्या वाटेवर होता.

प्रत्यक्ष मैदानावर हजर असलेल्या प्रेक्षकाची अवस्था यापेक्षाही विचित्र असते. ऑगस्टात प्रेक्षकांना मोबाइल फोन आत नेता येत नाही आणि धावण्यासही मनाई आहे. मैदान इतके विस्तीर्ण आहे की एका वेळी थोडेच होल नजरेच्या टप्प्यात येतात. ज्याने आपल्या आवडत्या खेळाडूच्या मागे चालायचे ठरवले, त्याने उरलेली स्पर्धा सोडून दिलेली असते. बाकीची बातमी दुरून उठणाऱ्या गर्जनेतून किंवा माणसे हातांनी बदलत असलेल्या गुणफलकावरून कळते, आणि जाणकार प्रेक्षक आरोळीच्या जोरावरून ती बर्डीची की त्याहून मोठ्या पराक्रमाची, हे ओळखू पाहतात. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक सर्व काही पाहतो खरे. पण या अर्धवट ज्ञानातली हुरहुर त्याच्या वाट्याला येत नाही, हेही मान्य करायला हवे.

पंधराव्या होलवर मॅकलरॉयने मारलेला, झाडांना वळसा घालून चेंडू थेट ग्रीनवर नेणारा फटका त्या दिवसातला सर्वांत देखणा होता. सतराव्यावर बर्डी झाली, आणि अठराव्यावर पाच फुटांच्या आसपासचा, विजय मिळवून देणारा ‘पट’, म्हणजे ग्रीनवर चेंडू घरंगळत नेण्याचा फटका, हुकला. रोज आणि मॅकलरॉय दोघेही पारच्या खाली अकरा फटक्यांवर आले, त्यामुळे बरोबरी फोडण्यासाठी अठरावा होल पुन्हा खेळला गेला. मॅकलरॉयने दुसरा फटका झेंड्यापासून काही फुटांवर टाकला, छोटा पट घातला आणि तो ग्रीनवर गुडघ्यांवर कोसळला. संपूर्ण स्पर्धेत चार डबल बोगी करूनही मास्टर्स जिंकणारा तो पहिलाच खेळाडू ठरला.

जस्टिन रोजच्या चाहत्यांचा विचार सहसा कोणी करीत नाही. २०१७मध्येही तो याच मैदानावर बरोबरीनंतरच्या जादा होलवर सर्जिओ गार्सियाकडून हरला होता. २०२५च्या अखेरच्या दिवशी त्याने दहा बर्डी केल्या आणि अठराव्या होलवर लांबचा पट घालून बरोबरी साधली, तरीही निर्णय त्याच्या हातात नव्हता. जादा होलवर त्याचा स्वतःचा बर्डीचा पट हुकल्यावर त्याला आणि त्याच्या पाठीराख्यांना बाजूला उभे राहून पाहण्याखेरीज काही करता येण्यासारखे नव्हते.

(पुढील लेखांकात : दोन फेऱ्यांनंतर ठरावीक क्रमांकापर्यंतच्याच खेळाडूंना पुढे जाऊ देणारा ‘कट’)