पडदा इथे, कॉम्प्युटर तिथे!

अमेरिकेतल्या हॅनोव्हर गावी, डार्टमथ कॉलेजात ११ सप्टेंबर १९४० रोजी गणितज्ञांची सभा भरली होती. संशोधक जॉर्ज स्टिबिट्झ यांनी तिथे एक टेलिप्रिंटर आणून ठेवला आणि मंडळींना गणितं घालायला सांगितलं. आकडे टाइप केले की थोड्या वेळाने खडखड करत उत्तर कागदावर उमटायचं. गंमत म्हणजे गणित सोडवणारं यंत्र त्या गावातच नव्हतं! ते होतं न्यूयॉर्कला, साधारण साडेतीनशे किलोमीटर लांब. आकडे तारेने जायचे, उत्तर तारेने यायचं.

आता टेलिप्रिंटर नको, नुसता ब्राउझर पुरतो. समजा, सुट्टीत तुम्ही नागपूरला मावशीकडे आलात आणि तुमचं चित्र राहिलं मुंबईच्या घरच्या कॉम्प्युटरवर अर्धवट. तो कॉम्प्युटर दुरून वापरायची सोय आधीच करून तो चालू ठेवला असेल, तर मावशीच्या लॅपटॉपवर ब्राउझर उघडा, पत्ता टाका, पासवर्ड द्या. घरचा पडदा समोर हजर!

पण तिकडून येतं काय? मुख्यतः पडद्याचं चित्र. नेहमीच्या पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे वीस लाखांवर ठिपके असतात. ते सगळे सेकंदाला तीस-तीस वेळा पाठवायचे म्हटलं तर इंटरनेटची दमछाकच व्हायची. म्हणून जेवढं बदललं तेवढाच तुकडा पाठवतात. तुम्ही ‘क’ची कळ दाबलीत, की ती बातमी मुंबईला जाते. ‘क’ उमटतो तिथे. मग त्या ‘क’एवढा चिमुकला चौकोन परत नागपूरला येतो आणि ब्राउझर तो जागच्या जागी चिकटवतो. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूर-मुंबई सरळ रेषेत सातशे किलोमीटर धरा; जाऊन-येऊन झाले सात मिलिसेकंद! प्रत्यक्षात केबल वळणं घेत जाते, वाटेत यंत्रंही लागतात, त्यामुळे वेळ जरा जास्तच लागतो.

आणि वाटेत कुणी कान लावून बसलं असेल तर? त्याला नुसती अगम्य अक्षरं दिसतील. सगळा मजकूर एका गुप्त किल्लीने कुलूपबंद केलेला असतो, आणि ती किल्ली तारेवरून कधी जातच नाही! दोन्ही यंत्रं एकमेकांना काही आकडे अगदी उघडपणे सांगतात. मग प्रत्येक जण त्यात आपापला गुप्त आकडा मिसळतो आणि दोघांकडे तीच किल्ली तयार होते. चोरून ऐकणारा बसतो हात चोळत. व्हिटफिल्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या संशोधकांनी ही युक्ती १९७६ मध्ये जगापुढे मांडली. मला विचाराल तर कॉम्प्युटरच्या दुनियेतली सगळ्यात भारी जादू हीच.

शिवाय घरचा कॉम्प्युटर थेट इंटरनेटवर उघडा टाकत नाहीत. मध्ये ‘गेटवे’ असतो, सोसायटीच्या वॉचमनसारखा. अपाची ग्वाकामोली हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर हेच काम करतं. पासवर्ड जुळला आणि, तशी सोय केली असेल तर, मोबाइलवरचा कोडही जुळला, तरच आत प्रवेश.

तरीही सायबर कॅफेतून हा उद्योग नको हं! तिथल्या कॉम्प्युटरमध्ये कळा टिपून घेणारा चोरटा प्रोग्रॅम असला, तर कुलूप लागायच्या आधीच तो पासवर्ड वाचतो.

काम संपलं की नीट लॉग-आउट करायचं. मुंबईचा कॉम्प्युटर चालूच राहतो. मात्र त्या पडद्यावर चुकून ‘शट डाउन’ दाबलंत, तर बंद पडेल तो मुंबईचा. मावशीचा लॅपटॉप मजेत चालू! मग लावा शेजारच्या काकूंना फोन: “काकू, आमच्या घराची किल्ली आहे ना तुमच्याकडे? जरा आत जाऊन कॉम्प्युटरचं ते गोल बटण दाबता का?”