पानं पिवळी, शिरा हिरव्या: पुण्यातली कुंडी, टँकरचं पाणी आणि सामू

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं पडतं, त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहून काढलाय. "अं", "म्हणजे" आणि मागे वाजणारी कुकरची शिट्टी तेवढी गाळली आहे.

गेल्या काही आठवड्यांत तुमचे जे फोटो आले, त्यातले निम्मे तरी एकाच गोष्टीचे होते. मोगरा, लिंबू, जास्वंद, कढीपत्ता, झाड कुठलंही असो, शेंड्याकडची नवी पानं पिवळी पडलेली आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्यागार. खाली प्रश्न ठरलेला: "खत तर घालतोय, मग काय कमी पडतंय?" आणि फोटो पाठवणारे बहुतेक वाघोली, बावधन, उंड्री, पिसोळी या बाजूचे. पेठांमधून असा फोटो क्वचितच आला. हा योगायोग नाहीये, आणि आज त्याच्यावरच बोलायचंय.

आधी पान वाचायला शिका. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं, त्यामुळे खालची, जुनी पानं आधी पिवळी पडतात. लोहाचं तसं नाही. एकदा पानात गेलेलं लोह झाडाला तिथून सहज हलवता येत नाही, म्हणून टंचाई नव्या पानांवर दिसते. शेंडा पिवळा आणि शिरा हिरव्या म्हणजे बहुतेक वेळा लोह कमी. ऊस लावणारे शेतकरी याला "केवडा पडला" म्हणतात. शब्द छान आहे, प्रकरण नाही.

आता गंमत अशी की पुण्याच्या मातीत लोह कमी नाहीच. आपण सगळे डेक्कनच्या बेसाल्टवर बसलोय आणि त्या काळ्या खडकात लोह भरपूर आहे. म्हणजे फाइल सर्व्हरवर आहे, फक्त तुम्हाला अॅक्सेस नाही. चक्क ४०३ एरर. आणि ही परमिशन देणारा किंवा अडवणारा म्हणजे मातीचा पीएच. शेतीच्या मराठीत त्याला सुटसुटीत शब्द आहे: सामू.

सामूची पट्टी शाळेत शिकलोय: ७ म्हणजे उदासीन, खाली आम्ल, वर विम्ल. ही पट्टी १९०९ साली सोरेनसन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काढली. हो, तीच बिअरवाली कंपनी. शाळेत जे नीट डोक्यात शिरत नाही ते असं, की ही पट्टी लॉगॅरिदमिक आहे. ६ आणि ८ मधला फरक "दोन" नाही, शंभर पट आहे. लोहाच्या बाबतीत तर आणखी वाईट: हवा खेळणाऱ्या मातीत सामू १ ने वाढला की पाण्यात विरघळू शकणारं लोह साधारण हजार पटीने घटतं. बहुतेक भाज्या आणि फुलझाडं ६ ते ७ च्या मध्ये खूश असतात. आपली काळी माती बऱ्याचदा ७.५ ते ८.५ वर असते, कारण तिच्यात चुनखडी असते. शेतात नांगरताना वर येतात ते पांढरे खडे म्हणजे तेच.

पण कुंडीत बऱ्याच जणांनी नर्सरीतली लाल माती भरलेली असते. मग तिथे चुना आला कुठून? तर नळातून. आणि सगळ्यांच्या नाही, काहींच्याच नळातून.

पेठांमधलं पाणी खडकवासला, पानशेत, वरसगावचं, म्हणजे घाटात पडलेला पाऊस. तुलनेने मऊ. नव्या भागातल्या कित्येक सोसायट्या बोअर आणि टँकरवर जगतात. ते पाणी बेसाल्टच्या भेगांमध्ये मुरून, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सोबत घेऊन वर आलेलं असतं. गीझरची कॉइल पांढरी होते, बादलीला थर बसतो, साबणाला फेस येत नाही. झाड पाणी पितं, बायकार्बोनेट मागे कुंडीत राहतं.

हिशोब करू. समजा तुमच्या सोसायटीच्या पाण्याच्या रिपोर्टमध्ये "टोटल अल्कलिनिटी" लिटरला ३०० मिलिग्रॅम लिहिली आहे. एका कुंडीला रोज एक लिटर, ऑक्टोबर ते मे, म्हणजे सुमारे २४० दिवस. ३०० गुणिले २४० म्हणजे ७२,००० मिलिग्रॅम, अर्थात ७२ ग्रॅम चुना. यातला काही तळाच्या भोकातून वाहून जाईल, काही मातीतल्या आम्लांशी लढण्यात संपेल, पण दिशा कळली ना? तुम्ही दर वर्षी कुंडीत मूठभर खडू टाकताय.

म्हणूनच पाण्याचा नुसता सामू मोजून भागत नाही. सामू म्हणजे आत्ताची स्थिती, अल्कलिनिटी म्हणजे पाण्यात आम्ल पचवायची ताकद किती आहे ते. दोन पाण्यांचा सामू ७.८ असेल, पण एक कुंडीला काहीच करणार नाही आणि दुसरं वर्षभरात ती बिघडवेल. सोसायटीच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर पाण्याचा रिपोर्ट मागा. सेक्रेटरी काका वैतागतील, तरी मागा. तुमच्याकडचा टीडीएस मीटर अल्कलिनिटी सांगत नाही, तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो.

यावरून आठवलं, आरओचं वाया जाणारं पाणी झाडांना घालणारे हात वर करा. भावना चांगली आहे. पण बोअरच्या पाण्यावर आरओ चालत असेल, तर त्या नळीतून येतं ते जास्त जड पाणी, कारण सगळे क्षार तिकडेच ढकललेले असतात. ते फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरा. सॉफ्टनरचं पाणीही नको, त्यात कॅल्शियमच्या जागी सोडियम आलेलं असतं. आणि सोडियमने जमीन कशी चोपण होते, ते नदीकाठच्या ऊसवाल्यांना विचारा.

आता इंटरनेटचं सांगतो. कुंडी, सेंद्रिय माती, पीएच असं इंग्रजीत सर्च केलंत की सगळ्यात सविस्तर व्हिडिओ कुणाचे येतात? कॅलिफोर्नियातल्या गांजा पिकवणाऱ्यांचे. हसू नका, खरंय. तिकडे ते कायदेशीर आहे आणि ती मंडळी सामू दशांशापर्यंत मोजतात. इथे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याखाली गांजाचं झाड लावलं तर १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, त्यामुळे पीक त्यांचं त्यांच्याकडे राहू दे. पण त्यांची मातीची रेसिपी आपल्या टोमॅटोवर आंधळेपणाने वापरणारे खूप आहेत, आणि तिथे घोटाळा होतो. त्यांचं मिश्रण पीट मॉसवर उभं असतं. पीट मॉसचा सामू ४ च्या आसपास, म्हणून ते त्यात डोलोमाइट चुना घालतात. त्यांच्या गणितात ते बरोबर आहे. आपण कोकोपीट वापरतो, ते साधारण ५.५ ते ६.५ वर असतं, आणि वर बोअरचं पाणी. त्यात आणखी चुना म्हणजे ॲसिडिटीची गोळी ॲसिडिटी नसलेल्याला. (कोकोपीटची वीट मात्र दोन-तीनदा धुऊन घ्या, स्वस्तातल्या विटांमध्ये मीठ असतं.)

हीच गोष्ट घरच्या सल्ल्यांची. माझी आजी देवरुखची. तिचा आग्रह, "झाडाला चुलीतली राख घाल रे." आजीचं बरोबर होतं, देवरुखात! कोकणातली जांभ्याची माती आम्लधर्मी आणि पाऊस प्रचंड, तिथे राख उपयोगी पडते. पुण्यात राख म्हणजे पिवळ्या पानांना आमंत्रण. अंड्याच्या टरफलांचंही तेच, ती कॅल्शियम कार्बोनेटच आहेत.

मग करायचं काय? आधी दोन तपासण्या. एक: चमचाभर कोरडी माती, वर थोडं व्हिनेगर. फसफसलं तर मातीत मोकळा चुना आहे. दोन: २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर (बॅटरीच्या दुकानात मिळतं), ढवळा, अर्धा तास ठेवा, मग पेनसारख्या पीएच मीटरने मोजा. मीटर आधी बफरने कॅलिब्रेट केलेला हवा. मातीत खुपसायचे दोन काट्यांचे स्वस्त मीटर घेऊ नका, त्यांच्या आकड्यावर माझा तरी भरवसा नाही.

फसफसलं तर मातीशी भांडू नका. का, ते आकड्यांतच बघा. १०० ग्रॅम चुना मारायला ३२ ग्रॅम गंधक लागतं. १० किलोच्या कुंडीत ५ टक्के चुना असेल तर तो ५०० ग्रॅम, म्हणजे १६० ग्रॅम गंधक! एवढं एका कुंडीत घालणं वेडेपणा आहे. माती बदला. जुनी माती सदाफुली, कोरफड असल्या सोशिक झाडांना द्या.

फसफसलं नाही आणि सामू ७.५ च्या पुढे असेल, तर गंधकाची भुकटी चालते, सेंद्रिय शेतीतही चालते. पाकिटावरच्या मात्रेपेक्षा कमीच घाला. मातीतले जिवाणू तिचं सल्फ्युरिक आम्ल करतात, त्याला ओल, ऊब आणि काही आठवडे ते महिने लागतात. "काल टाकलं, आज फरक नाही" असे मेसेज करू नका प्लीज.

व्हिनेगर किंवा लिंबूपाणी घालून सामू उतरवायचा प्रकार मला पटत नाही. मीटरवर आकडा लगेच उतरतो, रील छान होतं. पण ही सेंद्रिय आम्लं जिवाणू खाऊन टाकतात आणि त्यांच्या क्षारांमधून बायकार्बोनेट बऱ्याच अंशी परत येतं.

कंपोस्टबद्दलही एक गैरसमज. घरच्या ओल्या कचऱ्याचं तयार कंपोस्ट आम्ल नसतं, बऱ्याचदा ७ च्या वरच असतं. तरी ते हवंच, कारण त्यातले सेंद्रिय पदार्थ लोहाला धरून मुळांपर्यंत विरघळलेल्या रूपात ठेवतात. म्हणूनच हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, नुसतं मातीत टाकलं तर चुनखडीच्या मातीत त्याचा लवकरच गंज होतो. तेच ओल्या शेणखतात मुरवून दिलं तर टिकतं. कुंडीला छोटा चमचा पुरे. जीवामृताचंही तसंच: सुभाष पाळेकरांच्या २०० लिटरच्या रेसिपीतलं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन हे जिवाणूंसाठी आहे. ते सामूचं औषध समजून वापरू नका.

सगळ्यात स्वस्त उपाय जूनमध्ये आकाशातून येतो. पावसाच्या पाण्यात अल्कलिनिटी जवळपास शून्य. पुण्यात पावसाळ्यात सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस धरला, तर १० चौरस मीटर गच्चीवर ७,००० लिटर पडतं. तेवढे ड्रम कुणाकडे नसतात, पण लिंबू, मोगरा, गार्डेनिया यांच्यापुरते दोन ड्रम भरता येतात. झाकण लावा, डेंग्यूचे डास नकोत. आणि झाकलेल्या बाल्कनीतल्या कुंड्या पावसाळ्यात आठ-दहा दिवस बाहेर ठेवा, भोकातून भरपूर पाणी वाहून जाऊ द्या. गच्चीवरचा मोगरा सप्टेंबरात हिरवा आणि त्याच पाण्यावरचा बाल्कनीतला पिवळाच, याचं उत्तर हेच आहे.

पाणी वाहायला हवं, साचायला नको. चिखलात मुळं गुदमरली की लोह असूनही घेता येत नाही, पान तसंच पिवळं होतं आणि आपण उगाच हिराकस ओततो. म्हणून काळी माती कुंडीत एकटी भरू नका. माझं मिश्रण: एक भाग लाल किंवा पोयटा माती, एक भाग कंपोस्ट, एक भाग धुतलेलं कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड.

आणि एक, आधी पिवळी पडलेली पानं पुन्हा पूर्ण हिरवी होतील म्हणून वाट बघू नका. शेंड्याला येणारं पुढचं पान बघा. फोटो पाठवताना त्याचाच पाठवा, सोबत पाणी कुठलं तेही लिहा: महापालिकेचं, बोअरचं की टँकरचं.