दुपदरी लोकरीचा गळपट्टा

संस्कृतात 'गुण' शब्दाचा एक अर्थ दोरा अथवा पदर असा आहे. आणि 'द्विगुण' म्हणजे मुळात 'दोन पदरांचा'. हा शब्द वर्षानुवर्षे फळ्यावर लिहिला, परंतु त्याचा खरा प्रत्यय गेल्या पौषात आमच्याच माजघरात आला.

नाशकाची थंडी सर्वश्रुत आहे. निफाडकडे तर पारा कित्येकदा पाच अंशांखाली उतरतो, आणि बागाईतदारांना द्राक्षांचे घड वाचविण्यासाठी पहाटे बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा दिवसांत नातवासाठी काही उबदार शोधत असता, मातोश्रींनी आमच्या वडिलांसाठी विणलेला स्वेटर ट्रंकेत सापडला. १९६२ साली सीमेवरील जवानांसाठी घरोघरच्या स्त्रियांनी स्वेटर विणले. त्या वेळी मातोश्रींनी हाती घेतलेल्या सुया पुढे कधी सुटल्या नाहीत. स्वेटरास कसर लागली होती. तो टाकून द्यावा असे माझेही मत पडले. परंतु सौभाग्यवतींनी तो मुकाट्याने उसवावयास घेतला.

उसवलेल्या लोकरीची लडी करून ती चार ठिकाणी सैल बांधावी, कोमट पाण्यात भिजवून टांगावी. म्हणजे धाग्यातील वळ्या जातात. हा धागा जागोजागी झिजलेला होता, एकटा टिकता ना. म्हणून त्याच्या जोडीस तितक्याच जाडीची नवी लोकर घेतली. दोन्ही धागे पिळावयाचे नाहीत, नुसते बरोबर धरावयाचे. जुन्याचे जोड जेथे येतात तेथे नवा अखंड असावा, एवढे मात्र पाहावे.

दोन धाग्यांनी जाडी दुप्पट होत नाही. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट होते, व्यास सुमारे १.४ पटच वाढतो. म्हणून एकेरी धाग्यास ८ नंबरची, म्हणजे ४ मिलिमीटरची सुई लागत असेल, तर येथे ५ नंबरची, साडेपाच मिलिमीटरची घ्यावी. नंबर लहान तितकी सुई जाड, हे ध्यानात असावे.

प्रथम लहानसा नमुना विणून इंचास किती टाके येतात ते मोजावे. साडेतीन आल्यास ३१ टाके घालावे. पट्टी सुमारे ९ इंच रुंद होते. प्रत्येक ओळ एक सुलटा, एक उलटा अशी विणून शेवट सुलट्याने करावा. संख्या विषम असल्यामुळे पुढील ओळही सुलट्यानेच सुरू होते, आणि समोर गाठ दिसेल त्या टाक्यावर सुलटाच येतो. अशी दाणेदार वीण दोन्ही अंगांनी सारखी दिसते व तिच्या कडा वळत नाहीत. सुई दोहोंपैकी एकाच धाग्यात शिरली तर टाका फाटतो व संख्या चुकते. म्हणून अधूनमधून टाके मोजावे. लांबी मुलासाठी २२ इंच, मोठ्या माणसासाठी २४ इंच झाली की टाके बंद करून दोन्ही टोके शिवून घ्यावी. दोन्ही धागे मिळून दीडशे ग्रॅम लोकर पुरे होते.

नातू आता तो गळपट्टा घालून शाळेत जातो. त्यातील कोणता धागा पणजीच्या हातचा, असे त्याने एकदा विचारले. आम्ही दोघांनी चष्मे लावून पाहिले. परंतु निवडून दाखविता येईना.